भासऱ्यांसमोरची खुर्ची

पांढुर्ण्यात हिवाळा आला की तो आधी नाकाला कळतो. मंडीच्या रस्त्यावर संत्र्यांचे ढीग लागतात, ट्रकमध्ये तणस अंथरली जाते, दबून फुटलेल्या फळांचा आंबटगोड वास सकाळच्या गारव्यात पसरतो. कापसाची गाडी गेली की तिच्यामागे पांढरी लव हवेत तरंगत राहते. ती स्वेटरवर बसते, मिशीवर बसते, चहाच्या सायीवर बसते. डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं आहे. मी रोज टपरीपर्यंत चालतो. टपरीच्या पुढे चालायचं की नाही, याबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते.

यंदा टपरीवर संत्र्याच्या भावाइतकाच पंचायतीच्या निवडणुकीचा विषय चालू आहे. निवडणूक अजून लांब आहे, पण आमच्याकडे ती होण्याच्या कितीतरी आधीपासून होत असते.

"पुढच्या टायमाले तिकडची सीट खुली होऊन राहिली म्हणते, मास्तर," टपरीवाला मला म्हणाला. "चला, तुमच्या बहिणीची सुट्टी झाली. लय दिवस तरास काढला बिचारीनं."

हे त्यानं एखाद्याला पेन्शन सुरू झाल्यावर अभिनंदन करावं तसं सांगितलं. आणि मी काय केलं? "हो ना," म्हणून मान हलवली. बशीतला चहा संपल्यावर लक्षात आलं की आपण कशाला हो म्हणालो. तेव्हा टपरीवाला दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला होता. माझं हे असंच आहे. मला राग नेहमी बशी रिकामी झाल्यावर येतो.

माझी धाकटी बहीण शालू सौंसर तालुक्यात, बोरगावच्या पलीकडे एका गावात दिलेली आहे. ती त्या गावाची सरपंच आहे. सीट महिलांसाठी राखीव झाली, तेव्हा आमचे जावई दिवाकरराव यांनी तिला उभं केलं. प्रचाराच्या बॅनरवर जावई हात जोडून एवढे मोठे, की त्यांच्या अंगठीतला खडा दिसत होता. शालू खाली कोपऱ्यात, कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून कापून काढलेली. तिच्या खांद्यावर कापताना राहून गेलेला दुसऱ्याच कुणाचा तरी हात होता. तो हात कुणाचा, हे आजवर कळलेलं नाही. ती निवडून आली आणि गाव जावयांना "सरपंच" म्हणू लागलं. शालूला कुणी काहीच म्हणेना. पंचायतीचे सचिव छिंदवाड्याकडचे, हिंदी बोलणारे. ते तिला तेवढं "मॅडम" म्हणत.

तिच्या सत्काराचं सूत्रसंचालन मीच केलं होतं. शाळेतून रिटायर झाल्यापासून माइक दिसला की माझा हात आपोआप पुढे जातो. बारसं असो की तेरवी, मी बोलतो. त्या दिवशी मी स्त्रीशक्तीवर असा काही बोललो, की मागे बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी निम्मे झोपले आणि उरलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. मग "आता आपण सरपंचांचा सत्कार करूया" म्हणून हार उचलला आणि थेट जावयांच्या गळ्यात घातला.

कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं, चूक तरी ठरली असती. सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. जावयांनी मान तुकवून हार घेतला. एकटी शालू माझ्याकडे पाहत होती. कार्यक्रम संपल्यावर म्हणाली, "दादा, भाषण छान झालं. पुढच्या बारीले फक्त भाषण कर. हार दुसऱ्या कोणाच्या हातात दे."

*

हिवाळ्यात तिच्या गावाला जायचं तर कापूस वेचणीच्या बायांमधून जावं लागतं. सकाळी त्या कमरेला ओटी बांधून वावरात शिरतात, आणि दुपारपर्यंत प्रत्येकीचं पोट पांढरं फुगलेलं दिसतं. बोंडांच्या टोकदार पाकळ्यांनी बोटांच्या कडा फाटलेल्या असतात. बोलणं मात्र अखंड. कुणाची सून, कुणाची म्हैस, कुणाच्या पोराला नागपुरात नोकरी लागली. गावातली कुठलीही बातमी आधी कपाशीच्या ओळीत फुटते, मग पारावर येते. असं असून पंचायतीचा विषय निघाला की याच बाया म्हणतात, "आमाले त्यातलं काय समजते बाप्पा."

शालूही वेचायला जायची, सरपंच झाल्यावरसुद्धा. तिथंच तिच्या डोक्यात ती लाइटची गोष्ट शिरली.

गाव फाट्यापासून आत आहे. बस फाट्यावर थांबते आणि तिथून गावापर्यंत रस्ता संत्र्याच्या बागांमधून येतो. बागा दाट. दिवसा त्यातून जाताना सावलीत बरं वाटतं. हिवाळ्यात दिवस लवकर बुडतो आणि सौंसरच्या कॉलेजातून पोरींना आणणारी बस नेमकी त्याच वेळेला येते. रस्त्यावर एक लाइट नाही. रानडुकरं आडवी येतात. शिवाय मोटरसायकलवरची दोन पायांचीही येतात. दर हिवाळ्यात एकदोन घरं ठरवतात की झालं एवढं शिक्षण पुरे. पोरगी घरी बसते. उन्हाळ्यात लग्न होतं. कुणी जबरदस्ती केली असं म्हणता येत नाही. अंधार पडतो एवढंच.

त्या वर्षी शालूच्या घरातलीच पोरगी कॉलेजला जाऊ लागली होती. प्रणाली, तिच्या भासऱ्यांची नात. भासरे म्हणजे जावयांचे थोरले भाऊ. सगळं गाव त्यांना आबाजी म्हणतं. दोघा भावांची अंगणं लागून, मध्ये कमरेएवढी भिंत. आबाजींनी दिवाळीनंतर सांगून टाकलं होतं, "एक थंडी पाहतो. रस्ता असाच राहिला तर नाही पाठवत."

म्हणून शालूनं ठरवलं की जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा, फाट्यापासून गावापर्यंत लाइटचे खांब. जावयांच्या मनात वेगळं होतं. त्यांना फाट्यावर स्वागताचं गेट हवं होतं, वर त्यांच्या वडिलांचं नाव.

"गेट गावाची शान असते," ते म्हणाले.

"पोरी गेटातून आल्यावर घरापर्यंत कशा येतीन?" शालूनं विचारलं.

"येऊनच राहिल्या आहेत ना इतके दिवस."

त्या रात्री जेवताना माझ्या ताटात तिनं पोळी वाढली ती जरा जोरात.

*

आता मला त्या सभेबद्दल सांगायचं आहे, आणि ते सांगताना अजून माझे दात एकमेकांवर घासतात.

आमच्या भागात सून भासऱ्यांपुढे खुर्चीवर बसत नाही. बाजेवरही नाही. ते आले की उठते, डोक्यावर पदर घेते, आणि त्यांच्याशी थेट बोलत नाही. भासरेही तिच्याशी थेट बोलत नाहीत. "चहा झाला वाटते" असं ते भिंतीला म्हणतात आणि चहा येतो. यात कुणाचा राग नाही, कुणाचा अपमान नाही. आबाजींसारखा मऊ माणूस मी पाहिलेला नाही. शालूच्या बाळंतपणात सौंसरपर्यंत बैलगाडी त्यांनीच हाकली होती, पाठ करून बसून.

सभेला मोठी गर्दी झाली. पुरुष पुढे खुर्च्यांवर, बाया मागे सतरंजीवर. वेचणीच्या दिवसांत अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून बाया आल्या होत्या. शालू आठवडाभर ओळीओळीतून फिरून त्यांना सांगत होती. जावई काही कामानं नागपूरला गेले होते. शालूची ती पहिली सभा, जिच्यात सरपंचाच्या खुर्चीवर तिच्याशिवाय बसायला कुणी नव्हतं.

आणि पहिल्या रांगेत मधोमध आबाजी बसले होते.

माइक माझ्या हातात. मी म्हणालो, "सरपंच शालिनीताई यांनी स्थानापन्न व्हावे, ही विनंती." शालू खुर्चीशेजारी पदर सावरून उभी. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी आवाज वाढवला. "शालिनीताईंनी अध्यक्षस्थान स्वीकारावे." ती उभीच. तिसऱ्यांदा मी आणखी शुद्ध मराठीत विनंती केली. सतरंजीवरून एक म्हातारी ओरडली, "अरे मास्तर, भासरे समोर बसले ना तिचे! कशी बसन ते?"

मग सगळ्यांचं लक्ष आबाजींकडे गेलं. आबाजींनी डोळे आपल्या चपलांवर लावले. सचिव घड्याळ बघू लागले. "मैडम, बैठ जाइए, कार्यवाही शुरू करनी है." शालूच्या कपाळावर घाम आला होता. जानेवारीत.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. मी माइक खाली ठेवला, वाकलो आणि आबाजींच्या कानात म्हणालो, "आबाजी, तुम्ही जरा वेळ बाहेर लिंबाखाली बसता का? म्हणजे तिला बसता येईल."

"हाव ना," ते लगेच म्हणाले. "मले आधी कायले नाही सांगतलं?" आणि ते उठून बाहेर गेले. शालू खुर्चीवर बसली. मी स्वतःवर इतका खूश झालो, की त्या खुशीत दोन ओळींची कविता म्हटली.

कविता संपते न संपते तोच दुसऱ्या रांगेतला एकजण उठला. त्याच्यामागे आणखी दोघं. मग खुर्च्या सरकल्याचे आवाज एकदम सुरू झाले. आमच्या भागात थोरला माणूस सभेतून उठून गेला याचा एकच अर्थ होतो: तो नाराज आहे. कशावर, हे विचारायची गरज नसते. लाइटचा ठराव येणार होता म्हणजे लाइटवरच. पुरुषांची पुढची बाजू बघता बघता मोकळी झाली. बाहेर लिंबाखाली आबाजी आणि त्यांच्याभोवती सगळे. "तुमचं बरोबर आहे आबाजी," असं कुणीतरी म्हणतानाही ऐकू आलं.

"अरे, मी त..." आबाजींनी सुरुवात केली आणि थांबले. सुनेला खुर्चीवर बसता यावं म्हणून आलो, असं चारचौघांत कोण भासरा सांगेल? त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. तेही लोकांना राग गिळल्यासारखं दिसलं.

आत सचिवांनी पुढच्या रिकाम्या खुर्च्या मोजल्या आणि वही बंद केली. "कोरम पूरा नहीं है. अगली बार देखेंगे."

मागे सतरंजीवर बाया भरलेल्याच होत्या. सदानकदा ऐकत आलो होतो की बाया सभेला येत नाहीत म्हणून कामं अडतात. त्या दिवशी बाया आल्या होत्या, आणि पुरुष एका सभ्य माणसाच्या मागे सभ्यपणे निघून गेले.

एक बाई उठता उठता पदर झटकत म्हणाली, "चला वं, वावरात. उरलेली ओळ तरी होईन."

शालू खुर्चीवर बसलेली होती. मी जवळ गेलो. "दादा," ती म्हणाली, "तू आता काही बोलू नको."

*

पुढची सभा जावयांनी घेतली. पुरुष भरपूर होते. गेटाचा ठराव झाला. गेट झालंही, गुलाबी रंगाचं, वर तीन रंगांचे लाइट. आता बसमधून उतरलं की गेट लखलखतं, आणि गेटाच्या आत पाऊल टाकलं की आपला हात आपल्याला दिसत नाही.

प्रणालीचं कॉलेज मात्र सुटलं नाही. शालूनं टॉर्च घेतला. रोज बसच्या वेळेला ती फाट्यावर जाऊन उभी राहायची आणि पोरींना घेऊन यायची. आधी एकट्या प्रणालीसाठी. मग इतर घरांच्या पोरी सामील झाल्या. ज्या घरी बसवल्या होत्या, त्यातल्याही एकदोन परत निघाल्या. मी एकदा सोबत गेलो होतो. माझा पाय पाण्याच्या दांडात गेला आणि तिला पोरींबरोबर मलाही सांभाळून आणावं लागलं. अंधारात पोरी जोरजोरात बोलत चालायच्या, केमिस्ट्रीच्या सरांची नक्कल करत. झाडावरच्या संत्र्यांवर टॉर्चचा उजेड पडला की ती क्षणभर पेटल्यासारखी दिसायची.

गाव तिच्यावर खूश झालं. "सरपंच असावी तर अशी," हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. कुठलाही बाप आता म्हणत नव्हता की पोरीला पाठवत नाही. "शालूबाई आहे ना," म्हणायचे. वयात आलेली लेक अंधारात तिच्या हवाली करायला कुणाला क्षणभर विचार करावा लागत नव्हता. आणि याच माणसांना खांब कुठे गाडायचा हे ती ठरवेल म्हटलं, की हसू यायचं. "दिवाकररावायले विचारू," म्हणायचे.

मी यावर खूप डोकं शिणवलं आहे. एखादा दुष्ट माणूस सापडला असता तर सोपं झालं असतं, मी त्याच्यावर एक झकास भाषण ठोकलं असतं. पण जावई प्रेमळ आहेत, शालूला ताप आला की स्वतः भात टाकतात. आबाजींचं सांगितलंच. सचिव बिचारे नियमानं चालतात. टपरीवाला मला साखर कमी टाकून देतो, आठवणीनं. सगळे आपापल्या जागी चांगले आहेत, आणि सगळ्यांच्या चांगुलपणातून मिळून त्या रस्त्यावर अंधार पडतो. मग राग कुणावर करायचा? मी घरी येऊन बायकोसमोर तावातावानं बोलतो. ती ऐकून घेते आणि म्हणते, "बरोबर आहे तुमचं. कप विसळून ठेवा." मी कप विसळतो. राग तसाच राहतो.

*

परवा शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेलो होतो. परतताना प्रसाद द्यायला शालूकडे उतरलो. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. दिवस कलला होता. माझं सगळं लक्ष तिच्या हातांकडे, कारण बसची वेळ झाली तरी ते थांबेनात.

"जायचं नाही का फाट्यावर?"

"नाही."

"बरं नाही का?"

"बरं आहे. काल घरोघरी सांगून आली मी. आजपासून आपापल्या लेकीले आपापल्या घरचे माणसं आणतीन." तिनं एक शेंग दाबली. दाणे सुपात पडले. "परवा मंदिरापाशी लाइटचा विषय काढला, तर सगळे म्हणे, आता कायले लाइट पायजे, तू आहेस ना. या लोकायनं मलेच खांब करून ठेवलं, दादा."

आत जावई फोनवर बोलत होते. कुठल्याशा कार्यकर्त्याला सांगत होते की सीट खुली झाली तर आपण तयार आहोत.

फाट्याकडून बसचा हॉर्न ऐकू आला. भिंतीपलीकडून आबाजी अंगणात आले. शालू उठली, पदर घेतला. सवयीनं. पण जागची हलली नाही. आबाजी थोडा वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बस आली वाटते, मास्तर."

"हो, आली वाटतं," मी म्हणालो. या वेळी एवढंच म्हणालो, ही माझी आयुष्यातली मोठी कमाई समजा.

आबाजींनी खिळ्यावरचा टॉर्च काढला आणि निघाले.

ते परत आले तेव्हा आधी प्रणालीचं हसू दाबल्याचं ऐकू आलं. मग आबाजी दिसले. कुणीतरी बागेला पाणी सोडलं होतं आणि ते रस्त्यावर आलं होतं. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं, एका पायात चप्पल नाही. अंगणात शिरता शिरताच ते गरजले. त्या मऊ माणसाचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"दिवाकर! कायचा सरपंच आहेस बे तू? एक लाइट लावता येत नाही रस्त्यावर? मरून जाईन ना माणूस!"

जावई फोन कानाला तसाच धरून बाहेर आले. "लावू ना दादा. मी बोलतो सचिवाशी. पुढच्या..."

"त्यायले नका विचारू."

आवाज इतका बारीक होता, की आधी मला प्रणालीच बोलली असं वाटलं. शालू डोक्यावरचा पदर धरून उभी होती. नजर खाली. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती भासऱ्यांशी पहिल्यांदा बोलत होती.

"मले विचारा," ती म्हणाली.

जावयांच्या फोनमधून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. माझं तोंड उघडलं होतं. शालूनं माझ्याकडे फक्त पाहिलं. मी ते मिटलं.

आबाजींनी भिंतीकडे तोंड वळवलं.

"मंग केव्हा लागते लाइट?" त्यांनी भिंतीला विचारलं.

"पुढच्या हप्त्यात सभा ठेवली आहे. तुमी या. मी खुर्चीवर बसीन." तिनं पदर आणखी पुढे ओढला. "तुमी उठून जाऊ नका."

"सभा?" जावई म्हणाले. "मले त कोणी सांगतलं नाही."

आबाजी अंगणातल्या बादलीपाशी गेले, तांब्या घेतला आणि पायांवर पाणी ओतू लागले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. चिखल केव्हाच निघून गेला होता. ते पाणी ओततच राहिले.